दोन पाळ्यांचा दसरा

मोठी आई सोमवारी दुपारी गेली. प्रकाशदादा कन्हानला खाणीत होता, सिद्धार्थ पुण्यात होता, मी तिच्या खाटेजवळ होते. मी दोघांनाही फोन केला. प्रकाशदादा तासाभरात आला. त्याने आईकडे पाहिलं, तिच्या पायाशी बसला आणि मला विचारलं, "त्याले कळवलं?"

"कळवलं," मी म्हणाले.

तेरा वर्षांत प्रकाशदादाने आपल्या धाकट्या भावाविषयी विचारलेला तो पहिला प्रश्न होता. मोठी आई त्या एका प्रश्नासाठी तेरा वर्षं थांबली होती, आणि तो विचारला गेला तेव्हा ती हाताच्या अंतरावर निजली होती. तिच्याविषयी लिहायला बसले की मी दर वेळी इथेच येऊन अडते. म्हणून इथूनच सुरुवात करते.

मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, प्रकाशदादा आणि सिद्धार्थची आई. नाव सुलोचना, पण त्या नावाने तिला हाक मारणारं कोणी मी पाहिलं नाही. आमचं गाव रामटेकच्या पलीकडे. बारावीनंतर कॉलेजसाठी मी नागपूरला आले ती नंदनवनातल्या तिच्या घरी. बाबांनी मला दारात सोडलं तेव्हा माझ्याजवळ कपड्यांची एक पिशवी आणि पुस्तकांची एक लोखंडी पेटी होती. मोठ्या आईने पेटीची कडी धरून पाहिली. पेटी हलली नाही. ती बाबांना म्हणाली, "काहून भाऊजी, पोरगी आनली का खदानीतला कोळसा आनला?" मग माझ्याकडे वळली. "सरकव ते खाटेखाली. पन दसऱ्याले काढा लागन, आधीच सांगून ठेवतो. त्या खाटेखाली वर्धेची कौसा झोपते."

ती स्वतःबद्दल बोलताना 'सांगतो, जातो' असंच बोलायची, आमच्या भागातल्या बऱ्याच बायका बोलतात तशी. मला वाटलं, खाटेखालच्या कौसाची थट्टा असेल. दसऱ्याला कळलं की थट्टा नव्हती. कौसाआत्या खरोखरच अर्धी खाटेखाली झोपत होती, आणि पुस्तकांची पेटी गच्चीवर टाकीच्या आडोशाला होती, वर ताडपत्री घालून.

कॉलेज संपलं. मला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी लागली. लग्नाचं काही जमलं नाही आणि पुढे मीच तो विषय बंद केला. मी तिच्याकडेच राहिले. पेटीसुद्धा तिथेच राहिली, दसऱ्याचे चार दिवस सोडून.

आमच्याकडे दसरा म्हणजे दीक्षाभूमी. छप्पन साली ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी धम्म स्वीकारला ती घरं त्या दिवशी नागपूरच्या वाटेला लागतात, आणि ज्यांचं कोणी नागपुरात असतं ते आधी त्याच्या दारात उतरतात. मोठ्या आईच्या घराला दोन खोल्या, एक हॉल आणि वर गच्ची. त्यात पंचवीस-तीस माणसं. विहारातून आणलेल्या सतरंज्या, शेजारच्यांच्या गाद्या, दोरीवर वाळणारी पांढरी लुगडी, मागच्या अंगणात चुलीवर रटरटणारा भाताचा गंज. आणि माणसं येतात तेव्हा त्यांची भांडणंही मुक्कामाला येतात. कौसाआत्या आणि उमरेडची मामी एकमेकींशी बोलत नव्हत्या, कारण मामीकडच्या एका लग्नाच्या पत्रिकेत कौसाआत्याच्या नवऱ्याचं नाव सगळ्यात खाली छापलं गेलं होतं. ज्या मुलीच्या लग्नाची ती पत्रिका, तिची मुलं आता कॉलेजात जातात.

हे सगळं मोठी आई सांभाळायची ते पेल्यांवरून. गिरणीची चाळ सोडून ते नंदनवनात राहायला आले तेव्हा गृहप्रवेशाला येणाऱ्या प्रत्येकाला तिने सांगितलं होतं, "भेट द्याचीच असन तं पेला द्या. आन नाव टाकून द्या." स्टीलच्या पेल्यांवर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेली ती नावं. प्रत्येक नातेवाइकाचा एक. दसऱ्याच्या आधीच्या रविवारी ती सगळे पेले हॉलमध्ये काढायची, फरशीवर बसायची आणि ओळी मांडायची. ही जेवणाची पंगत, ही झोपायची जागा. कौसाआत्याचा पेला भिंतीशी, मामीचा दाराशी, मध्ये भंडाऱ्याच्या जावईबापूंचा, कारण ते ऐकायला कमी आणि बोलायला जास्त, त्यांच्या पलीकडचं कोणाला काही दिसत नाही. ती चौथीपर्यंत शिकलेली. पुढे मोतीबिंदू झाला तेव्हा ती पेल्यावरून बोट फिरवून नाव वाचायची. एखादा पेला उचलायची, बोटाने वाचायची, थोडा वेळ तसाच धरून ठेवायची, मग जागेवर ठेवायची.

मी नवीन होते तेव्हा एकदा म्हणाले, "मोठी आई, यांचं भांडण मिटवून टाक ना. एवढी कसरत कशाला?"

"मिटवाच्या भानगडीत पडाचं नाही, सुजाता," ती म्हणाली. "मानसं वाईट नसतात वं. चुकीच्या मानसाजवळ बसवले का वाईट होतात. आपन गादी दूर टाकाची."

तिचा नवरा, म्हणजे मोठे बाबा, गिरणीत होते. गिरणी बंद पडली, पण घरातल्या पाळ्या बंद पडल्या नाहीत. भोंगा वाजत नव्हता तरी मोठी आई सकाळी पाण्याच्या पाळ्या लावायची. "पहिली पाळी म्हाताऱ्याईची, दुसरी लेकराईची, बायाईनं आपलं पाहून घ्यावं." जावईबापू मोरीत अर्धा तास लावायचे. ती बाहेरून बादली वाजवायची. "जवाईबापू, पाळी संपली. ओव्हरटाइम नाही देत आमी."

ती गेली त्याच्या तेरा वर्षं आधी, मे महिन्यात, मोठे बाबा वारले. त्या दिवसाबद्दल सांगायला हवं.

ते मध्यरात्री गेले. सिद्धार्थ तेव्हा नुकताच पुण्याला नोकरीला लागला होता. मिळेल त्या गाडीने निघाला. संध्याकाळी चारला पोचेल असं होतं. गाडी वाटेत थांबली, पुन्हा थांबली. नागपूरचं मे महिन्यातलं ऊन ज्यांनी पाहिलं आहे त्यांना मी वेगळं सांगायला नको. तीनपासून वडीलधारी माणसं प्रकाशदादाच्या मागे लागली. बबनकाका, म्हणजे बाबांचे चुलतभाऊ, सारखे म्हणत होते, "आता ठेवता येत नाही, बेटा. पाहून राहिला ना तू?" प्रकाशदादाने सिद्धार्थला फोन लावला. सिद्धार्थ म्हणाला, थांब. प्रकाशदादा सहापर्यंत थांबला. मग उचललं. सिद्धार्थ साडेआठला स्टेशनवरून रिक्षाने थेट घाटावर आला, तेव्हा पाहायला काही उरलं नव्हतं.

दोघांत एवढंच बोलणं झालं.

"तुले म्हनलो होतो, थांब."

"बाबाले उन्हात ठेवाचं होतं का?"

त्यानंतर दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. आरडाओरडा झाला नाही, वाटणीचा प्रश्न नव्हता, कोणी कोणाला शिवी दिली नाही. दोघांच्या बायका रोज एकमेकींशी फोनवर बोलायच्या, पोरं एकमेकांकडे सुट्टीला जायची. फक्त हे दोघे एका छपराखाली येत नव्हते. मी एकदा मोठ्या आईला विचारलं की चूक कोणाची. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "चूक असती तं कोनीतरी माफी मागतली असती. दोघंही खरं बोलून राहिले, म्हनून तं मिटत नाही."

त्या वर्षीच्या दसऱ्याआधी तिने नेहमीप्रमाणे पेले काढले. दोन्ही मुलांच्या नावाचे पेले तिने स्वतः आणलेले, दोन्ही एकाच मापाचे. प्रकाशचा पेला तिने सकाळच्या ओळीत ठेवला. सिद्धार्थचा हातात धरून बसली. मग मला म्हणाली, "अजून एक ओळ मांड. संध्याकाळची." तिने दोघांना फोन केले. एकाला, "तू अकराले येजो, जेव, तीनले निघ." दुसऱ्याला, "तुही गाडी कधीही येवो, तू दीक्षाभूमीवर जाऊन पाचले घरी येजो." कारण दोघांनीही विचारलं नाही. आईचा आवाज दोघांनाही ओळखू येत होता.

असे बारा दसरे झाले. सकाळी प्रकाशदादा पांढरा सदरा घालून मोटारसायकलवर यायचा, आईला वाकून नमस्कार करायचा, पंगतीत बसायचा. तीनला निघायचा. पाचला सिद्धार्थ यायचा. मधल्या वेळातला जो शेवटचा तास, चार ते पाच, त्यात आम्ही घर आवरायचो. प्रकाशदादाचा ओला टॉवेल दोरीवरून काढायचा, त्याचा पेला घासून फळीवर ठेवायचा, त्याच्या चपलेने आलेली माती झाडायची. सिद्धार्थला काही दिसू नये म्हणून. सिद्धार्थला अर्थातच सगळं माहीत होतं. तो आला की दाराशी एक क्षण थांबायचा, जसं कोणी नुकत्याच उठून गेलेल्या माणसाच्या जागेवर बसायच्या आधी थांबतो.

मोठी आई दोन्ही पाळ्यांत वाढायची. स्वतः कुठल्याच पाळीत जेवायची नाही. ती जेवायची मधल्या तासात, स्वयंपाकघरात, पाटावर बसून. एका वर्षी मी झाडू ठेवायला आत गेले तर तिच्या ताटाच्या डावीकडे प्रकाशचा पेला होता, तळाशी घोटभर पाणी उरलेला. उजवीकडे सिद्धार्थचा, कोरडा. ती वरणभात कालवत होती. मला पाहून म्हणाली, "पाहून काय राहिली? जेवून राहिलो ना मी."

मी बाहेर आले. त्या दिवसापासून मला हे सहन होईना. पण मी काय करणार होते? मी त्या घरातली पुतणी. माझ्या शब्दाला तिथे पेल्याइतकीच जागा होती, जिथे ठेवतील तिथे.

दसऱ्याच्या दिवशी संध्याकाळ झाली की ती माझ्याबरोबर दीक्षाभूमीकडच्या रस्त्यावर यायची. एवढी माणसं पाहून तिला बरं वाटायचं. पुस्तकांच्या दुकानांपुढे ती उभी राहायची आणि मला दर वर्षी एक पुस्तक घेऊन द्यायची. कोणतं, ते तीच ठरवायची, हातात घेऊन, वजनावरून. "हे जाड हाय. याले वर्षभर पुरन." घरी आल्यावर मी तिला त्यातलं वाचून दाखवावं अशी तिची अपेक्षा असे. गोष्ट असली तर ती मध्येच विचारायची, "शेवटी भेटतात का थे?" मी हो म्हटलं की म्हणायची, "मग ठीक हाय. आता सावकाश वाच."

मागच्याच्या मागच्या वर्षी पावसाळ्यात तिची किडनी बिघडली. पायावर सूज, आठवड्यातून दोनदा दवाखाना, पाणी मोजून प्यायचं. एकदा दवाखान्यातून परत येताना रिक्षात ती म्हणाली, "मी गेली का दोघाईले एकाच पाळीत बोलावजो." मी म्हटलं, असं बोलू नको. ती बाहेर पाहत होती. "काहून नको? तवा तं येतीन."

त्या दसऱ्याच्या आधीच्या रविवारी ती खाटेवरून उठू शकली नाही. म्हणाली, "तू मांड पेले. सांगतो तसं." मी मांडले. कौसाआत्या भिंतीशी, मामी दाराशी. जावईबापू मध्ये. आणि प्रकाशचा व सिद्धार्थचा असे दोन्ही पेले मी एकमेकांशेजारी ठेवले, सकाळच्या ओळीत, तिच्या खाटेच्या अगदी समोर.

ती म्हणाली, "आन मले हात धरून खाली बसव." मी तिला फरशीवर बसवलं. ती एकेक पेल्यावरून बोट फिरवत गेली. प्रकाशच्या नावापाशी आली. मग शेजारच्या. तिने ते नाव दोनदा वाचलं.

"हे तू केलं?"

"हो."

"पुस्तकात असं होत असन," ती म्हणाली.

पण तिने पेला उचलला नाही. तिचा हात तिथेच राहिला, दोन्ही पेल्यांवर. मी वाट पाहिली. तिने तो वेगळा काढला असता तर मी पुढचं काही केलं नसतं, हे मी आज लिहू शकते, पण ते खरं आहे की नाही हे मला माहीत नाही. मी त्या हाताला परवानगी समजले. ती परवानगी होती की नुसती इच्छा, एवढा फरक मला कळायला हवा होता. चोवीस वर्षं तिच्याजवळ राहून मला तो कळला नाही.

मी सिद्धार्थला फोन केला आणि सांगितलं की या वर्षी दादाची ड्यूटी आहे, तो आदल्या दिवशीच येऊन जाणार आहे, तू सकाळी अकराला घरीच ये, आईला बरं नाही. प्रकाशदादाला काहीच सांगितलं नाही. त्याची वेळ अकराचीच होती.

दसऱ्याच्या सकाळी मोठ्या आईने पांढरं लुगडं नेसवून मागितलं. तिला खुर्चीवर बसवलं. पंगत बसली. प्रकाशदादा आपल्या जागी बसला, शेजारची जागा रिकामी होती, तिथे पेला होता. त्याने त्यावरचं नाव वाचलं असेल. मला वाटलं, आईने आठवण म्हणून ठेवला असं त्याला वाटलं असावं. भात वाढून झाला. वांग्याची भाजी, भजे. तेवढ्यात दारात सिद्धार्थ उभा राहिला, पाठीवर बॅग.

सगळ्यांनी वर पाहिलं. भाताचा घास हातात तसाच धरून.

मोठी आई म्हणाली, "ये. बस. तुहा पेला ठेवला हाय."

सिद्धार्थने पायातले बूट काढले नाहीत. तो माझ्याकडे पाहत होता, दादाकडे नाही. मग म्हणाला, "आई, मी दीक्षाभूमीवर जाऊन येतो."

प्रकाशदादाने ताट पुढे सरकवलं. "मले ड्यूटी हाय," तो म्हणाला. माझं खोटं त्याने न ऐकताच माझ्यासाठी खरं केलं. उठला, अंगणात हात धुतले. तो दारापाशी येईपर्यंत सिद्धार्थ गल्लीत गेला होता. एक डावीकडे गेला, दुसरा उजवीकडे. पाच मिनिटंही लागली नाहीत.

पंगतीत कोणाला काय करावं कळेना. कौसाआत्या आणि उमरेडची मामी एकमेकींकडे पाहत होत्या, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. शेवटी बबनकाका म्हणाले, "वरन वाढा गा. वरन वाढा." जावईबापूंना काही ऐकू आलं नव्हतं. ते म्हणाले, "भजे मस्त झाले हायेत."

मोठी आई मला म्हणाली, "सुजाता, दोन्ही पेले पान्यानं भर. जागा रिकामी दिसू नये."

मी भरले. फरशीवर पाणी सांडलं, ते मी पुसलं.

त्या संध्याकाळी पाच वाजता कोणी आलं नाही. चार ते पाच मी घर झाडलं, सवयीने. मोठी आई खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी तिच्या पायाशी बसले आणि म्हणाले की माझी चूक झाली. ती भिंतीकडेच पाहत म्हणाली, "मी पाळ्या काहून लावल्या, वं? मले काय हौस होती? थे येत तं होते."

एवढंच. ती माझ्यावर रागावली नाही. रागावली असती तर मला काहीतरी करता आलं असतं. तिने त्यानंतर त्या दिवसाचा विषय काढला नाही, आणि मीही काढला नाही. थंडीत दोघे येऊन गेले, वेगवेगळ्या दिवशी, मी कामावर असताना. प्रकाशदादाने संत्री आणली होती, सिद्धार्थने शाल. दोन्ही तिने मला दाखवलं. "पाह्य, मी काही न मांडता आले," ती म्हणाली. मला ते हिणवणं वाटलं. आता वाटतं, ती मला सोडवत होती.

त्या वर्षी तिने मला पुस्तक घेऊन दिलं नाही, कारण ती रस्त्यापर्यंत चालू शकत नव्हती. एका रविवारी तिने पेटीतलं कोणतं तरी जुनं काढायला सांगितलं. मी वाचू लागले. तिने शेवटी भेटतात का म्हणून विचारलं नाही. मीच वाचता वाचता थांबले आणि पाहिलं तर ती जागी होती.

एप्रिलमध्ये, सोमवारी दुपारी, ती गेली.

प्रकाशदादाने "त्याले कळवलं?" विचारलं आणि मी "कळवलं" म्हटलं. सिद्धार्थने मला सांगितलं होतं की विमानात जागा नाही, गाडीत बसतो आहे, सकाळी पोचेन. माणसं जमू लागली. बबनकाका आता खूप म्हातारे झाले आहेत, काठी टेकत आले. ते प्रकाशदादाजवळ बसले आणि तेच म्हणाले जे तेरा वर्षांपूर्वी म्हणाले होते. "उन्हाचे दिवस हायेत, बेटा. उन्ह उतरली का नेऊ."

"थांबा लागन," प्रकाशदादा म्हणाला.

"पन बेटा."

"काका, थांबा लागन."

तो स्वतः जाऊन बर्फाच्या लाद्या घेऊन आला. सायंकाळी घरातली माणसं पांगली तरी तो आईजवळून हलला नाही. बर्फ वितळून खाली पाणी येत होतं, ते तो फडक्याने टिपत होता. मी चहा नेला. त्याने कप घेतला, प्यायला नाही. म्हणाला, "त्याची गाडी कोनती?" मी सांगितली. तेरा वर्षांपूर्वी अडकली होती, त्याच मार्गाची ती गाडी होती. त्याला ते माहीत होतं. तो फक्त मान हलवत राहिला.

गाडी त्या दिवशी वेळेवर आली.

सिद्धार्थ सकाळी दारात आला तेव्हा प्रकाशदादा उठला आणि बाजूला झाला, भिंतीशी, जिथे कौसाआत्याचा पेला असायचा. सिद्धार्थ आईजवळ बसला. तिच्या तोंडावरचा थंड घाम पुसावा तसा त्याने बर्फाचा ओलावा पुसला. मला तिथे थांबता आलं नाही, मी आत गेले. स्वयंपाकघरात पाटाजवळ उभी राहिले. हॉलमध्ये सगळ्यांनी त्रिशरण म्हटलं. मी दारातून पाहिलं, दोघे तिच्या दोन बाजूंना उभे होते, हात जोडून, आणि दोघांचे ओठ एकाच वेळी हलत होते.

तिरडीच्या पुढच्या दोन टोकांना दोघे होते. घाटावर बायकाही जातात आमच्याकडे, मीही गेले. शेवटी अग्नी द्यायच्या वेळी प्रकाशदादाने पेटलेलं लाकूड हातात घेतलं आणि तसाच उभा राहिला. सगळे पाहत होते. मग त्याने ते लाकूड थोडं पुढे केलं.

"धर," तो म्हणाला.

सिद्धार्थने त्याच लाकडाला हात लावला, दादाच्या हाताच्या खाली. दोघांनी मिळून दिलं.

बबनकाका माझ्याजवळ उभे होते. त्यांनी माझं मनगट धरलं. "झालं बावा," ते म्हणाले. "पाहून राहिली ना तू? झालं." मलाही तसंच वाटलं. पुस्तकात असं होत असन, हे तिचं वाक्य मला तिथे आठवलं, आणि मला वाटलं की आता मी तिला सांगू शकेन.

घरी आल्यावर प्रकाशदादा अंगणात बसला. सिद्धार्थ गच्चीवर गेला. दोघांचे चहा मी वेगवेगळे नेले.

तिच्या मागे ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी सिद्धार्थचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "दादा किती वाजता येनार हाय?" मी म्हटलं, "सकाळी." तो म्हणाला, "ठीक हाय. मग मी दुपारनंतर येतो." मी त्याला थांब म्हटलं नाही. मी पूर्वी एकदा मध्ये पडले होते, त्याचं काय झालं ते आम्हा दोघांना माहीत होतं.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी मी पेले काढले. हॉलमध्ये बसले. कौसाआत्या भिंतीशी, मामी दाराशी. ते दोन पेले हातात घेतले आणि डोळे मिटून बोट फिरवून पाहिलं, ती पाहायची तसं. ठिपके झिजले आहेत. नाव लागतं, पण वेळ लागतो. त्याच दुपारी प्रकाशदादाचा फोन आला. त्यानेही भावासारखंच विचारलं, अगदी त्याच शब्दांत. तो किती वाजता येनार हाय.

"तू अकराला ये," मी म्हणाले. "जेवून तीनला निघ."

तेव्हापासून दोन दसरे झाले. नंदनवनच्या घरात आता मी एकटी राहते. पेटी वर्षभर खाटेखाली असते. दसऱ्याला प्रकाशदादा अकराला येतो, सिद्धार्थ पाचला येतो. चार ते पाच मी घर झाडते.